झाकणावरचं नाव

सुमनवहिनींनी देव्हाऱ्यातली चावी माझ्या हातात दिली, हे सगळ्यात आधी सांगतो. बाकीचं नंतर. किसनदादा, तुम्ही गेलात हेसुद्धा नंतर. तुम्हाला वाटेल, हा उत्तम पहिल्याच ओळीला मला सोडून माझ्या बायकोचं काय घेऊन बसला. पण गेलेल्या माणसाबद्दल आधी चांगलं बोलावं म्हणतात, आणि चांगलं बोलायचं तर मला वहिनींपासूनच सुरुवात करावी लागते. तुमच्यापासून केली तर तोंडातून काय निघेल, माझा मलाच भरवसा नाही.

मढच्या बाजूला ट्रॅक्टरचा रोटाव्हेटर दुरुस्त करायला म्हणून सकाळी गेलात आणि दुपारी परत आलात ते जीपमध्ये आडवे. जीपवाल्यानं गाडी घरी नेली नाही, वर्कशॉपसमोर आणून उभी केली. नारायणगावात तुमचं घर थोड्यांनाच माहीत होतं. सगळ्यांना वर्कशॉप माहीत. म्हणून तुम्हाला पहिलं मी बघितलं. तुमच्या हातांना ग्रीस होतं. मी रॉकेलच्या चिंधीनं ते पुसलं, बोट न् बोट. वहिनी येईपर्यंत मला दुसरं काही सुचलंच नाही. छातीत कळ आली तेव्हा तुम्ही म्हणे तिथल्या शेतकऱ्याला सांगितलंत, "जरा बसतो, पाना हातातच ऱ्हाऊ द्या." तो एकोणीसचा रिंग पाना माझा होता. जीपवाल्यानं तो आठवणीनं आणून दिला.

आता पेटीचं.

हिंगोलीकडून ऊसतोडीच्या टोळीबरोबर मी इकडं आलो. सातवीच्या वर्गातून उठलो होतो, परत बसलो नाही. हंगाम संपला, टोळी माघारी गेली आणि मी तुमच्याकडं राहिलो. आधी रोजावर, मग हळूहळू भागीत. पाना कसा धरायचा ते तुम्ही शिकवलंत, शिव्या देऊन शिकवलंत, आणि शिवी दिली की वर चहा पाजलात. ते मी नाकारत नाही. नाकारलं तर हातच झडतील माझे.

आपली हत्यारं तेव्हा तेलाच्या कापलेल्या डब्यात असायची. पक्कड शोधायला गेलं की कानस बोटाला लागायची. पावसाळ्यात सॉकेटला गंज, उन्हाळ्यात शेजारच्या वेल्डरनं "जरा देतो" म्हणून नेलेला बेअरिंग काढायचा पुलर गायब. मी रोज वर्कशॉप बंद करताना माझे पाने मोजायचो आणि फडक्यात बांधून उशाशी घ्यायचो. तुम्ही हसायचात. "आरं, ह्ये पाने हायेत का पोरगी? उशाशी काय घेतो?" तुम्हाला हसू यायचं, कारण तुमच्यामागं घर होतं, विहिरीत वाटा होता, चार भावकीची माणसं होती. माझं इथं जे काही होतं ते त्या फडक्यात होतं.

मग एक दिवस तुम्हीच म्हणालात, पेटी घेऊ. साधी नाही, खणांची. आयुष्यभर पुरंल अशी.

त्या पेटीसाठी आपण पुण्याला गेलो तो दिवस मला अजून हसवतो, आणि हसलो की राग येतो. तुम्ही गोणपाटात ट्रॅक्टरची बिडाची पुली आणि दोन जुने गिअर बांधून घेतले. मी विचारलं, हे कशाला? म्हणालात, "रिकामा खण कुणाचाबी सुरळीत चालतो. भरल्यावर चालतो का, ते बघायचं." एसटीत गोणपाट ठेवलं तर कंडक्टर म्हणाला, "काय राव, देवळाचा पाया चाललाय का संगं? ह्याचं तिकीट लागंल." तुम्ही म्हणालात, "लावा की. पण मग त्याला शीटबी द्या." सगळी गाडी हसली. राजगुरूनगरपर्यंत ती पुली माझ्या पायावर होती.

दुकानात लालभडक पेट्या रांगेनं उभ्या होत्या. चकाचक. माझे डोळे दिपले. दुकानदारानं एका बोटानं खण पुढं ओढून दाखवला. तुम्ही गोणपाट सोडलंत आणि पुली त्या खणात ठेवलीत. खण पुढं आला आणि तिथंच अडकला, ना आत ना बाहेर. दुकानदार पेटीपेक्षा लाल झाला. "ओ मामा, पेटीत ट्रॅक्टर ठेवणार आहात का तुम्ही?" तुम्ही शांतपणे म्हणालात, "ट्रॅक्टर नाय, त्याची दुखणी ठेवणार हाय." मग पत्र्यावर अंगठा दाबलात, पत्रा टुणकन आत गेला. कोपऱ्यातल्या जोडावर नख फिरवलंत. झाकण उघडून बिजागरीला कान लावलात, जसं काही ती बोलणारच होती. तीन दुकानांत असं केलं. तिसऱ्याला आपल्याला चहासुद्धा कुणी विचारला नाही.

शेवटी पेटी मिळाली ती मंचरला, मुनीरमिस्त्रीच्या शेडमध्ये, शाळेचे बाक आणि धान्याच्या कोठ्या यांच्या मधोमध. करड्या रंगाची. जाड पत्रा, आतून पट्ट्या मारलेल्या. खालच्या तीन खणांना बेअरिंगचे चॅनल. सगळे खण एकाच दांडीनं बंद व्हायचे आणि त्या दांडीला एक कुलूप. तुम्ही पुली ठेवली, दोन्ही गिअर ठेवले, वर मला म्हणालात, "उत्तम, दाब वरनं." मी जीव खाऊन दाबलं. खण लोण्यातून सुरी जावी तसा आत गेला. मुनीरमिस्त्री बिडी ओढत म्हणाला, "भरा, वापरा, आणि खण अडकला तर मला शिव्या द्यायला या. गाडीभाडं माझं." इतक्या वर्षांत जावं लागलं नाही.

अर्धा वाटा तुमचा, अर्धा माझा. वरचे दोन खण माझे, खालचे तीन तुमचे, कारण पुलर आणि जड हत्यारं तुमची. इथपर्यंत सगळं चांगलं होतं. मी एकच म्हणालो, माझ्या खणांना वेगळं कुलूप बसवून घेऊ. तुम्ही माझ्याकडं असं बघितलंत की मी चोरीच केली. "भावाभावात कुलूप?" मुनीरमिस्त्रीसमोर मी विषय सोडला. एकच कुलूप, दोन चाव्या. एक तुमच्या खिशात गेली. दुसरी मला मिळंल असं मला वाटलं. ती तुम्ही घरी देव्हाऱ्यात ठेवलीत. "देवापाशी हाय म्हंजी दोघांचीबी हाय."

माझी नव्हती, दादा. माझ्या खोलीवर देव्हारा कुठं होता?

गावी आईला एसटीडीवरून सांगितलं, पेटी घेतली. तिनं पहिलं विचारलं, "चावी कुणापाशी हाय?" मी म्हणालो, माझ्याच खिशात. एवढ्या लांबून तिला खरं सांगून काय उपयोग होता?

तरी तेही मी सोडून दिलं असतं. खंडेनवमीचं सोडता येत नाही.

आपल्याकडं त्या दिवशी सगळी हत्यारं डिझेलनं धुऊन, पुसून, खणाखणात लावून ठेवायची. वहिनी यायच्या, हळदकुंकू, झेंडूची माळ घालायच्या. वर्षातून तेवढ्याच एका दिवशी त्या वर्कशॉपला यायच्या. पूजा झाली की दसऱ्यापर्यंत पेटीला हात लावायचा नाही, पाय लावायचा नाही, कुणी टेकायचंसुद्धा नाही. आणि पूजेच्या आधी गणू पेंटर यायचा, तेला-ग्रीसनं पुसट झालेलं नाव परत गिरवायला. पहिल्या वर्षी त्यानं झाकणावर लिहिलं, 'किसन थोरवे, ट्रॅक्टर मेकॅनिक'. मी म्हणालो, खाली माझं बी टाका.

"टाकू की," तुम्ही लगेच म्हणालात. "लिव रं गणू, आणि उत्तम."

"उत्तम पाईकराव," मी म्हणालो.

गणूचा ब्रश थांबला. तुम्ही रंगाच्या डब्याकडं बघत म्हणालात, "आडनाव कशाला? जागा कमी पडती."

त्या झाकणावर अख्खी लग्नपत्रिका मावली असती.

गणू चहा प्यायला गेला तेव्हा तुम्ही जवळ आलात. आवाज खाली केलात. "उत्तम, मला काय न्हाई रं. तुला म्हाईत हाय. पण गिऱ्हाईक येतं बारा गावचं. इकडं पावणं आधी आडनाव वाचत्यात, मग चहा कुटं प्यायचा ते ठरवत्यात. नुसतं उत्तम लई चांगलं दिसतंय."

"मग नकोच."

"आरं, रुसतो कशाला?"

"रुसत नाही. पुरं लिहायचं, नाही तर नको."

"मग ऱ्हाऊ दे. पुढच्या दसऱ्याला बघू."

पुढचा दसरा आला. त्याच्या पुढचाही आला. दरवर्षी गणू यायचा, दरवर्षी माझ्याकडं बघायचा, मी तुमच्याकडं बघायचो आणि तुम्ही कुठला तरी नट शोधायला टेबलाखाली वाकायचात. मी दरवर्षी विचारलं. मुद्दाम विचारलं. तुम्हाला वाटायचं, मी विसरेन. मी पाने मोजणारा माणूस, मी विसरणार होतो?

आणि हे कुणाचं सांगतोय मी? मला कावीळ झाली तेव्हा ज्यांनी मला खोलीवरून उचलून स्वतःच्या घरी नेलं, त्यांचं. वहिनींच्या हातचा मऊ भात मी तुमच्या घरात, तुमच्या ताटात खाल्ला. शांताराम, तुमचा धाकटा भाऊ, तेव्हा ओसरीवरूनच माघारी गेला होता, आत आला नाही. तुम्ही त्याला ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणालात, "सुमन, अजून वाढ उत्तमला." चौदा एप्रिलच्या जयंतीला तुम्ही वर्कशॉप बंद ठेवायचात, माझ्याबरोबर मिरवणुकीत यायचात आणि नाचायचात तर असे, की आमची पोरं म्हणायची, ह्यो मिस्त्री कुठून धरून आणला? म्हणून तर मला कळत नाही. एका ताटात जेवलेला माणूस पाच अक्षरांना घाबरला. तुम्ही मुळातच वाईट असता तर मी केव्हाच दुसरीकडं गेलो असतो आणि आज हे लिहीत बसलो नसतो. तुम्ही वाईट नव्हतात. हीच माझी तक्रार आहे.

तुमचं तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी शांताराम पिकअप घेऊन वर्कशॉपला आला. बरोबर चार माणसं. त्या दिवशी वर्कशॉपवरून तुम्हाला दवाखान्यात नेलं, तिथं कपड्यांबरोबर तुमची चावी त्याच्या हातात गेली होती. पेटी त्यानं आळेफाट्याच्या एका गॅरेजवाल्याला विकायची ठरवली होती, हत्यारांसकट, भावाचं बोलणंसुद्धा झालं होतं. मी म्हणालो, शांतारामभाऊ, वरचे दोन खण माझे आहेत. पेटीत अर्धा वाटा माझा आहे.

"आसं? कुटं लिवलंय?"

मी झाकणाकडं बघितलं.

"वाच की. शाळा शिकलाय ना सातवी? वाच झाकणावर काय हाय ते. किसन थोरवे. माझ्या भावाचं नाव हाय. तुझं दाव कुटं हाय ते, आत्ता हितंच ठिवून जातो पेटी."

दादा, तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरं बोलायची सोय तुम्ही करून ठेवली होती, दरवर्षी, ताज्या रंगात. त्या वेळी मला तुमचं दुःख नव्हतं. मनात आलं, बरं झालं गेलात, नाही तर आत्ता इथं टेबलाखाली नट शोधत बसला असतात. असं आलं मनात, आणि आलं ते आलं.

चौघांनी पेटीला हात घातला. भरलेली पेटी, हलेना. ते खण काढायला सुरुवात करणार तेवढ्यात वहिनी आल्या. घरापासून चालत आल्या होत्या. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी, मोकळं कपाळ, रस्त्यानं एकट्या. हायवेच्या कडेला चहावाला उठून उभा राहिला. त्या कुणाशी बोलल्या नाहीत. सरळ आल्या आणि पेटीवर बसल्या. बरोबर तुमच्या नावावर.

"उचला आता," म्हणाल्या.

शांताराम दचकला. "वहिनी, उठ. पेटीवर बसत्यात का? दादानं पूजा केल्याली हाय."

"पूजा मी करत व्हते. त्यो नुसता नारळ फोडायचा."

"लोक काय म्हणतील?"

"लोकांचा ट्रॅक्टर बंद पडला की लोक काय म्हणत्यात, त्ये मी दारात ऐकलंय इतकी वर्सं. उत्तमभाऊ हायेत का, आसंच म्हणत्यात. भावजी, पेटी दोघांची हाय. मला म्हाईत हाय. तुमालाबी म्हाईत हाय."

मग त्या चौघांतल्या एकानं पेटीवरचा हात काढला आणि पँटला पुसला. "शांतारामराव, बाईमाणूस बसलंय, आमी न्हाई उचलणार." पिकअप रिकामी गेली. जाताना शांताराम म्हणाला, "आता पाण्याला ये म्हणावं विहिरीवं, बघतो." ते मी ऐकलं. वहिनींनीही ऐकलं. मग त्यांनी पदराची गाठ सोडली आणि देव्हाऱ्यातली चावी माझ्या हातात ठेवली. कुंकवानं माखलेली होती. "ही तुमचीच व्हती," एवढंच म्हणाल्या.

मी दुसऱ्याच दिवशी मंचरला जाऊन कुलूप बदलून आणलं. मुनीरमिस्त्रीनं तुमचं कळल्यावर बिडी विझवली. हातात हातोडी तशीच धरून म्हणाला, "पुलीवाला गेला." नव्या कुलपाच्या दोन चाव्या आहेत. एक माझ्या खिशात. दुसरी वहिनींच्या देव्हाऱ्यात. तुम्ही हसाल. हसा.

गेल्या आठवड्यात खंडेनवमी झाली. घरात माणूस गेलेल्या वर्षी सण करत नाहीत, म्हणून वहिनी येणार नाहीत असंच मी धरलं होतं. मी एकटाच हत्यारं धूत होतो. तुमचे खालचे तीन खणही धुतले, पुलरच्या आट्यांतला मळ दाताच्या ब्रशनं काढला, तुम्ही काढायचात तसा. तर वहिनी आल्या, गणू पेंटरला घेऊन. मी म्हणालो, वहिनी, तुम्हाला सण नाही यंदा. त्या म्हणाल्या, "सण माझा न्हाई, हत्यारांचा हाय. त्यांचं कोण गेलंय?" आणि मग चेहरा फिरवून थोडा वेळ भिंतीकडं बघत उभ्या राहिल्या.

गणूनं तुमचं नाव गिरवलं. मग ब्रश धरून नेहमीसारखा थांबला.

"खाली लिव," वहिनी म्हणाल्या. "उत्तम पाईकराव. पुरं लिव. अक्षर त्याच मापाचं."

गणूनं लिहिलं. जागा उरली, दादा. भरपूर उरली.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मला ते तुमच्या तोंडून हवं होतं. नुसतं 'लिव रं पुरं' एवढं. तेवढं म्हणायला तुम्हाला किती दम लागला असता? रोटाव्हेटरचं एक टोक एकट्यानं उचलायचात तुम्ही.

नाव ओलं होतं तेव्हाच एक गिऱ्हाईक आलं, फवारणीचा ब्लोअर घेऊन. वाचलं. माझ्याकडं बघितलं. म्हणालं, "दसऱ्यानंतर तरी देशील का, राव? द्राक्षं थांबायची न्हाईत." बस. पण दसरा झाल्यावर घाटघरकडचे ते जुने पाहुणे आले होते, ज्यांना तुम्ही मामा म्हणायचात. त्यांनी वाचलं, चहाला नको म्हणाले, पंप परत जीपमध्ये टाकला आणि गेले. हेही तुम्हाला सांगायला हवं. तुम्ही अगदीच खोटं बोलत नव्हतात. पण एका मामासाठी, दादा? एवढी वर्षं?

आता वहिनींचं. शांताराम बोलला तसंच त्यानं केलं. सामायिक विहिरीची पाळी त्यांना मिळत नाही. मोटारीच्या पेटीला त्यानं कुलूप घातलंय. खालच्या वावरातला टोमॅटो पिवळा पडायला लागलाय. मी बघून आलो. पेटीवर बसल्याची ती किंमत आहे, आणि ती माझ्या नावाची आहे. वहिनी म्हणतात, "जाऊ द्या, एक पीक गेलं तर काय मरत न्हाई." ते त्या मला बरं वाटावं म्हणून म्हणतात. मला रात्रभर झोप लागत नाही. उद्या शांतारामनं आणखी काय केलं तर? मी परका माणूस. भावकीत शब्द टाकायला गेलो तर त्यांनाच जास्त त्रास. बोलून मला काही करता येणार नाही. हातानं करता येईल.

म्हणून हे तुम्हाला सांगून ठेवतो, कारण वहिनींसमोर बोललो तर त्या नको म्हणतील. त्यांच्या वावरात मी बोअर पाडून देईन. आज नाही जमणार, पुढच्या वर्षीही कदाचित नाही. पण देईन. मोटार मी स्वतः उतरवीन, केबल मी जोडीन, स्टार्टरच्या पेटीची चावी त्यांच्या हातात देईन आणि पेटीवर गणूकडून 'सुमन थोरवे' लिहून घेईन. पुरं. त्या दिवशी पाइपाचा पाना मी खालच्या खणातून काढीन. तो तुमचा आहे. तेवढं तरी काम तुमच्या हत्यारानं व्हावं.